डाव्या काखेतला वळसा

चिनात्सुचा डावा हात लुळा पडून सात आठवडे होत आले, तरी नेमकं चुकलं कोण हे कानाएला उमगेना. बोटं हलत होती, पण पंजा मनगटापाशी खाली लोंबायचा आणि वर ये म्हटलं की ऐकायचा नाही. डॉक्टर म्हणाले, दंडातली नस दाबली गेली आहे, येईल हळूहळू. चिनात्सु केस कापायचं काम करायची. कात्री उजव्या हातात असली तरी कंगवा डाव्या हातात लागतोच, त्यामुळे तिचं काम बंद पडलं. आणि हे केलं होतं कानाएने. स्वतःच्या हातांनी, तागाच्या दोरीने, पंधरा-वीस माणसांच्या देखत, गुरुजींच्या बांधणीत तसूभरही फरक न करता.

सगळा घोळ त्या शेवटच्या गोष्टीत होता. फरक केला असता तर प्रश्नच मिटला असता. चुकले म्हणाली असती, चटईला कपाळ टेकवलं असतं आणि मोकळी झाली असती. पण कानाए सोळा वर्षं कुरामोचि गुरुजींच्या हाताखाली शिकली होती. दिवसभर किमोनो उसवून पुन्हा शिवायचं तिचं काम. तिच्या बोटांना अर्ध्या सुताचा फरकही कळायचा. त्या दिवशीचे फोटो तिने भिंग लावून पाहिले होते. वेढे जागच्या जागी होते, दोरीचा पीळ कुठेही उलटा पडला नव्हता, गाठ पाठीच्या कण्यावर बरोबर मध्ये होती. बांधणी देखणी झाली होती, आणि तिला राग यायचा तो त्याचाच.

दोरीने माणसं बांधायची कला शिकवणाऱ्या कुरामोचि घराण्याची खोली माचियात, ट्रामच्या रुळांपासून दोन गल्ल्या आत, एका गादीवाल्याच्या दुकानावर होती. वर फुलं रचायचा वर्ग चालतो अशी गादीवाल्याची समजूत होती. त्याच्या बायकोला खरं ठाऊक होतं आणि ती त्याला सांगत नव्हती. मंगळवारी सकाळी कानाए जिना चढून वर गेली तेव्हा इशिवाता गॅसच्या शेगडीपाशी बसून दोऱ्यांवरची लव जाळत होता. दोरी आधी उकळायची, ताणून वाळवायची, मग आचेवरून झपकन फिरवून तिची कुसं जाळायची आणि शेवटी तेलाचा हात द्यायचा, तेव्हा कुठे ती माणसाच्या अंगाला लावण्याजोगी होते. इशिवाता पोस्टातून निवृत्त झालेला, घराण्यातला सगळ्यात जुना शिष्य. दोरी तो अशी काही फिरवायचा की जणू तिच्यावर सरकारी शिक्का मारायचा आहे.

"आलीस? चपला सरळ लाव."

"लावल्यात, दादा."

"मागच्या वेळी वाकड्या होत्या." त्याने शेगडी बंद केली. "हे बघ. येत्या रविवारी सगळे जमणार. तुला घराण्याचं कुरामोचि नाव द्यायचं की नाही, ते ठरायचंय. गुरुजींना बोलता येत नाही, म्हणजे बोलायचं मलाच. तर मला फक्त एवढं सांग, तू चुकलीस की नाही?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही हे काय उत्तर झालं? चुकली असशील तर नाव आणखी तीन वर्षं लांबेल. नसशील चुकली, तर त्या पोरीचा दंडच नाजूक. मधलं काही नसतं."

"आणि बांधणीच चुकीची असेल तर?"

इशिवाताने हातातली दोरी खाली ठेवली. अगदी हळू ठेवली, म्हणजे तो फार चिडला होता.

"एदोच्या शिपायांपासून चालत आलेली बांधणी चुकीची? आणि ते कळलं कुणाला? माचियातल्या शिवणवालीला?"

"मी विचारलं फक्त."

"विचारूही नये."

एदोच्या शिपायांचं प्रकरण घराण्यात सगळ्यांना तोंडपाठ होतं. त्या काळी, दोन-तीनशे वर्षांपूर्वी, कैद्याला बांधायचं तर कसंही बांधून चालायचं नाही. सामुराई असेल तर एक तऱ्हा, भिक्षू असेल तर दुसरी, बाई असेल तर तिसरी, आणि ज्याचा गुन्हा अजून ठरलेला नाही त्याला गाठच मारायची नाही, नुसतं गुंडाळायचं, म्हणजे अब्रू गेली असं म्हणता येत नाही. कागदाच्या गुंडाळीवर चित्रं काढून हे सगळं शिष्याला द्यायचे. पुढे शिपाई गेले, दोरी राहिली. ती नाटकात गेली, चित्रात गेली, युद्धानंतर मासिकांच्या आतल्या पानांवर गेली, आणि तिथून ह्या गादीवाल्याच्या माडीवर आली. आता कैदी कुणी नव्हतं. आपल्या पायांनी चालत येऊन, चहा पिऊन, हसतखिदळत स्वतःला बांधून घेणारी मोठी माणसं होती, आणि त्यांच्या अंगावरून दोरी जाताना ती एकदम गप्प होत. त्या गप्प होण्यासाठीच कानाए सोळा वर्षांपूर्वी इथे थांबली होती.

कुरामोचि घराण्याची खूण म्हणजे डाव्या काखेतला वळसा. हात पाठीमागे, छातीच्या वर एक वेढा, छातीखाली दुसरा, इथवर बाकीची घराणीही तसंच बांधतात. मग दोर मागून येतो, डाव्या काखेतून पुढे जातो आणि वळून परत मागे. उजवीकडे काहीच नाही. का नाही, ह्यावर घराण्यात तीन मतं होती. एक म्हणे, हृदय डावीकडे म्हणून त्याला राखण. इशिवाता म्हणे, तलवार डावीकडे लटकते, तेव्हा सामुराईचा डावा हात जास्त आवळावा लागे. फिनलंडहून शिकायला आलेल्या एका उंच पोराने तर त्या एका वळशावर चाळीस पानांची पुस्तिका लिहिली होती, नकाशांसकट. गुरुजी तिघांचं ऐकून घ्यायचे आणि तिघांनाही मान डोलवायचे.

कानाएने कपाटातून गुरुजींच्या तीन वह्या काढल्या. गेले सात आठवडे ती त्याच चाळत होती. पहिल्या वहीत एक पान होतं, शोवा ५३, म्हणजे १९७८, जून. तीच बांधणी, तोच वरचा वेढा, तोच खालचा, पण वळसा नाही. चार पानं पुढे, शोवा ५३, ऑगस्ट. वळसा आहे. मध्ये जुलैची दोन पानं फाडलेली.

"दादा, हे काय आहे? जूनमध्ये नाही, ऑगस्टमध्ये आहे. एदोपासून चालत आलेला वळसा जूनमध्ये कुठे गेला होता?"

"जूनचं चित्र मुद्दाम अपुरं ठेवलंय. वही चोराच्या हाती लागली तर सगळं मिळू नये म्हणून. जुन्या गुंडाळ्यांतही असंच करायचे."

"मग ऑगस्टमध्ये पूर्ण का काढलं? तोवर चोर मेला?"

"तोंड फार चालतं तुझं," इशिवाता म्हणाला. "हात चालवताना एवढी हुशारी दाखवली असतीस तर ही वेळ आली नसती."

कानाएचा चेहरा उतरला. इशिवाताच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याने उगाच शेगडी पुन्हा पेटवली. तिने वही रुमालात गुंडाळली. वही बाहेर न्यायची नसते, असं तो म्हणणार तोच ती म्हणाली, "गुरुजींना दाखवायला नेतेय." आणि ती जिना उतरून गेली.

गुरुजी आता ओगुजवळच्या वृद्धाश्रमात होते. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. राहिले फक्त दोन शब्द, "असं होय." जेवण आलं तरी असं होय, शेजारच्या खाटेवरचे आजोबा वारले तरी असं होय. सुरुवातीला कानाएला वाटायचं, गुरुजी सगळं समजून उमजून बोलताहेत. मग वाटायला लागलं, काहीच समजत नाहीये त्यांना. हल्ली कधी हे वाटायचं, कधी ते.

तिने वही त्यांच्या मांडीवर उघडली. सोबत दोरीही आणली होती, न जाणो त्यांच्या डाव्या हाताला काही दाखवावंसं वाटलं तर.

"गुरुजी, हे जूनचं चित्र. वळसा नाही. हे ऑगस्टचं. वळसा आहे. खरं कुठलं?"

"असं होय," गुरुजी म्हणाले.

"जून?"

"असं होय."

"ऑगस्ट?"

"असं होय."

"गुरुजी, माझ्या हातून एका पोरीचा हात गेलाय. मी चुकले का?"

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. डोळे ओले होते, पण ते झटक्यापासून तसेच असायचे. "असं होय," ते म्हणाले. आता हा होकार धरायचा, की नकार, की नुसतं एक म्हातारं माणूस आवाज करतंय म्हणायचं?

परिचारिका दारातून डोकावली आणि दोरी बघून आत आली.

"अहो, दोरी आणायची नाही इथे. पाय अडकून पडतात सगळे."

"हे दोरीचे उस्ताद आहेत," कानाए म्हणाली. जरा जोरातच म्हणाली.

"असतील बाई. पण इथे त्यांच्या बुटाची नाडी मी बांधते." ती वाईट बाई नव्हती; खरं तेच बोलली आणि पांघरूण सारखं करून निघून गेली. कानाएने दोरी पिशवीत कोंबली. तिला रडू येत होतं आणि नेमकं कशाचं ते कळत नव्हतं.

तेवढ्यात गुरुजींचा डावा हात वहीवर सरकला. जूनच्या चित्रावर बोट फिरत फिरत खांद्यापाशी थांबलं, आणि गुरुजी हसले. अर्ध्याच तोंडाने, पण खांदे हलेपर्यंत हसले. "असं होय, असं होय, असं होय."

कानाए आधी दचकली. आपल्यालाच हसताहेत की काय, असं तिला वाटलं. मग तिने ते बोट जिथे होतं तिथे पाहिलं, आणि तिथून सहज वर नजर गेली. चित्रातल्या बाईला चेहरा होता. चार रेघांचा, पण नीट काढलेला. वरच्या ओठावर तीळ. तिने पान उलटलं. तोच तीळ. दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. वहीभर एकच बाई होती. सोळा वर्षं कानाए ह्या चित्रांतले वेढे मोजत होती, आणि ही याएताई आहे हे तिला आज दिसलं.

याए म्हणजे गुरुजींच्या दोरीतली बाई. चाळीस वर्षं फोटोत, रंगमंचावर, माडीवर, गुरुजी बांधायचे ते याएला. शिष्यही शिकले ते याएच्याच अंगावर. पासष्टीला तिने गुडघ्यांचं कारण सांगून थांबवलं, आणि आता एकाहत्तराव्या वर्षी ती मिनोवातल्या एका सार्वजनिक स्नानगृहात गल्ल्यावर बसायची. कानाए पोचली तेव्हा दोन वाजले होते, उघडायला अजून तास होता. याए गुडघ्यापर्यंत विजार दुमडून पुरुषांच्या बाजूची फरशी घासत होती.

"याएताई, शोवा ५३ च्या जुलैत काय झालं?"

"काल रात्री काय जेवले ते आठवत नाही, आणि म्हणे शोवा ५३!" याए म्हणाली. मग तिने वही पाहिली, हात विजारीला पुसले, आणि ती जवळ धरली. "अगबाई! केवढी बारीक होते मी! ही कंबर बघ. कुठे गेली कुणास ठाऊक."

"ताई, वळसा. जूनमध्ये नाहीये."

"कसा असेल? जूनमध्ये तर मी बोंब मारली."

याएने घासणी बाजूला ठेवली आणि टाकीच्या कडेवर बैठक मारली.

"अगं, अकरा वर्षांची असताना पर्सिमनच्या झाडावरून पडले मी. यामागातात, गावी. गळ्याचं हाड मोडलं. गावातल्या बुवाने बसवलं ते वाकडंच बसवलं. हे बघ." तिने सदऱ्याचा गळा बाजूला ओढला. डाव्या बाजूला हाडाचा बोटभर उंचवटा होता. "तेव्हापासून हा हात मागे जातच नाही धड. उजवा जातो. डावा अर्ध्या वाटेत अडतो."

"मी... मी तुम्हाला दहा वर्षं बांधलंय, ताई."

"बांधलंयस की. छान बांधायचीस."

"मला हे कधी दिसलं नाही."

"दिसू नये म्हणून तर सारी खटपट. दोर तिथूनच जातो ना, झाकून टाकतो." याए हसली. "पहिल्याच दिवशी काय झालं माहितेय? मासिकाचा फोटोवाला दिवे लावून उभा. कुरामोचिनं हात मागे घेतले, दोर ओढला, आणि मी किंचाळले, दुखतंय! फोटोवाला खूश. म्हणतो, वा, असाच चेहरा ठेवा. कुरामोचिनं काय करावं? सगळं सोडलं. म्हणाला, आज फोटो होणार नाही. फोटोवाला त्याच्या अंगावर धावून गेला, दिवसाचं काम बुडालं म्हणून. हा आपला बसून राहिला, माझा हात हातात घेऊन. इथे दुखतं? इथे? आणि असं वर केलं तर? मी म्हटलं, अहो, मला कामाची गरज आहे, मी सोसेन. तर म्हणतो, सोसायचं असेल तर दुसऱ्याकडे जा."

पलीकडे बायकांच्या बाजूला नळ ठिबकत होता.

"महिनाभर चालू होतं ते," याए म्हणाली. "रोज एक नवीन वेढा, रोज माझी कटकट. जुलैची पानं त्यानंच फाडली, चिडून. आणि मग एकदा तो दोर काखेतून असा घेतला, खालचा वेढा दोन बोटं उतरवला, आणि काय सांगू तुला, हाताचं सगळं ओझं त्या दोरानंच घेतलं. पाळण्यात पोर झोपावं तसा हात झोपला माझा. मी रडले तेव्हा. फोटोवाल्याला वाटलं, फोटोसाठीच रडतेय."

"मग एदोचे शिपाई?"

"कसले शिपाई! फोटोवाला म्हणाला, हे एकाच बाजूला काय वाकडं केलंय? आता मोडक्या खांद्याची बाई आहे म्हटलं असतं तर मला कोण उभं करतंय? मीच कुरामोचिला गळ घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून. तर हा म्हणाला, शिपायांची जुनी रीत आहे. एवढ्या गंभीर तोंडानं म्हणाला की फोटोवाल्यानं मान लववली. पुढे तुम्ही लोक आलात, वह्या घेऊन. एकदा खोटं बोललं की मागे घ्यायला तोंड राहत नाही, बाई. आणि तो तुमचा फिनलंडवाला! त्याची पुस्तिका आम्ही दोघांनी इथे मागे बॉयलरपाशी बसून वाचली. हसून हसून मला ठसका लागला. हृदयाची राखण काय, नकाशे काय!"

"पण मग गुरुजींनी आम्हाला अडवलं का नाही? बाकीच्यांना हा वळसा घालताना?"

याएचं हसू ओसरलं. "ते चुकलंच त्याचं," ती म्हणाली. "मला वाटतं, त्यालाही वाटत राहिलं, कुणी तरी मध्येच विचारेल. कुणी विचारलं नाही. आणि बहुतेक वेळा तुम्ही बांधत होतात मलाच. मला छान वाटत होतं."

कानाएच्या डोक्यात एकदम सगळं जागेवर बसलं. वळसा ओढला की खालचा वेढा दोन बोटं उतरतो. याएताईच्या खांद्याला त्याने आराम, आणि चिनात्सुच्या सरळ, धड दंडावर तोच वेढा नेमका नसेवर. म्हणजे हात तिचे बरोबर चालले होते. बांधणीत खोट होती. बांधणीत म्हणजे बांधणीतही नाही, ती एका माणसाची होती आणि दुसऱ्याला घातली गेली. सात आठवड्यांनी पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला. इतकं हलकं वाटलं की तिने बाजूला पडलेली घासणी उचलून उरलेली फरशी घासून टाकली.

"रविवारी सांगू का, ताई? सगळ्यांना? तुमचं नाव न घेता सांगते हवं तर."

"खुशाल सांग नाव घेऊन. आता कोण फोटो काढतंय माझा?" याए म्हणाली. "इशिवाताला आधी बसायला सांग म्हणजे झालं." तिने विजारीची घडी खाली सोडली. "पण काय गं, ती पोर काहीच बोलली नाही? दुखतंय, बधिर झालंय, असं काही?"

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही, ताई. गप्प होती. छान गप्प होती."

"असेल बाई," याए म्हणाली. "मी तर बोंब मारली होती." बाहेर म्हाताऱ्यांची रांग लागली होती, कुणीतरी दार ठोठावलं, आणि याए गल्ल्यावर जाऊन बसली.

मंगळवारी सलून बंद असतात. चिनात्सु मात्र दुपारच्या वेळी सलूनमध्येच सापडेल हे कानाएला ठाऊक होतं. मालकीण तिला किल्ली देऊन ठेवायची. किता-सेंजुच्या बाजारपेठेतून कानाए जवळजवळ पळत गेली. वाटेत तिने बटाट्याचे गरम कोरोक्के घेतले, दोघींसाठी दोन दोन. शटर अर्धं वर होतं. आत चिनात्सु एका प्लास्टिकच्या डोक्यासमोर उभी होती, डाव्या हातात कंगवा. पंजा आता मनगटाच्या रेषेत येत होता, पण टिकत नव्हता. कंगवा पडला. तिने उचलला. पुन्हा पडला.

"चिनात्सु, सापडलं!" कानाए म्हणाली, चपलाही न पुसता आत येत. "कळलं मला काय झालं ते."

आणि तिने सगळं सांगितलं. जून, ऑगस्ट, फाडलेली पानं, पर्सिमनचं झाड, गावातला बुवा, शिपायांची थाप, फिनलंडची पुस्तिका, खालचा वेढा आणि दोन बोटं. मध्येच ती हसली. मध्येच तिने स्वतःच्या दंडावर जागा दाखवली. चिनात्सु कंगवा धरून ऐकत होती. एकतीस वर्षांची, गोल चेहऱ्याची, ग्राहकाचं ऐकायची सवय असलेली पोर. मान हलवत ऐकत होती.

"म्हणजे तुझा दंड नाजूक नाही, आणि मीही..." कानाए म्हणाली आणि थांबली, कारण चिनात्सुने मान हलवायचं थांबवलं होतं.

"मी म्हणाले होते," चिनात्सु म्हणाली.

"काय म्हणाली होतीस?"

"बोटांना मुंग्या येतायत म्हणून. दोनदा म्हणाले. एकदा हळू. दुसऱ्यांदा तुम्ही मागे गाठ मारत होतात तेव्हा, जरा मोठ्यानं."

कानाए म्हणाली, "आणि मी?"

"तुम्ही म्हणालात, 'ह्या बांधणीत येतात. जातील.'"

कोरोक्केची पिशवी कानाएच्या हातात गरम लागत होती. ती तो दिवस आठवायला लागली. दोरी चटईवरून सरपटल्याचा आवाज आठवला. खिडकीतून आलेलं तिरकं ऊन आठवलं. वरचा वेढा, खालचा वेढा, वळसा, पीळ, कण्यावर बसलेली गाठ, सगळं जसंच्या तसं. चिनात्सुचा आवाज आठवेना. तिने पुन्हा प्रयत्न केला. नव्हताच तो कुठे. पण 'ह्या बांधणीत येतात, जातील' हे वाक्य तिचंच होतं, ते ती नाकारू शकत नव्हती. शिकायला येणाऱ्या किती जणांना तिने ते सांगितलं होतं. तिला स्वतःला पहिल्यांदा बांधलं तेव्हा इशिवाताने हेच सांगितलं होतं, आणि तिच्या मुंग्या खरंच गेल्या होत्या.

"मग बोलली का नाहीस गं? सात आठवडे?"

"तुम्ही विचारलंच नाहीत." चिनात्सुच्या आवाजात राग नव्हता, तेच फार वाईट होतं. "दर आठवड्याला आलात. संत्री आणलीत. दंड मोजलात, फोटो दाखवलेत, वेढा कुठे होता ते विचारलंत. मला वाटलं, तुम्हाला आठवत असेल. आणि तुम्ही म्हणाला होतात, येतात आणि जातात. सगळ्यांच्या जातात. माझ्याच गेल्या नाहीत. म्हणजे माझाच हात चुकीचा, असं वाटत राहिलं मला. रोज सकाळी उठून बघायचे त्याच्याकडे. चीड यायची त्याची."

कानाएने पिशवी खुर्चीवर ठेवली आणि ती तिथेच, कापलेल्या केसांच्या फरशीवर, गुडघे टेकून बसली. रविवार, नाव, वह्या, याएताईचं हाड, ह्यातलं काहीही तिला आता कुठे ठेवायचं ते सुचत नव्हतं. तिने कपाळ फरशीला लावलं.

"चुकले मी," ती म्हणाली. "बांधणी नाही. मी."

चिनात्सु 'असू दे' म्हणाली नाही. वर भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, बाहेरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं, तरी ती म्हणाली नाही. कानाएने डोकं वर केलं तेव्हा चिनात्सु समोर उकिडवी बसली होती, डावा हात उजव्या हातात धरून.

"आत्ता कुठे दुखतंय?" कानाएने विचारलं.

चिनात्सुने डाव्या हाताकडे पाहिलं. मग ती सांगायला लागली. आधी अंगठ्याच्या मागून सुरुवात केली, मग मनगट, मग दंड, मग रात्री झोप न लागणं, आईला काय सांगावं ते न सुचणं, आणि माडीवर पुन्हा पाऊल टाकायची भीती. कानाए मध्ये काही बोलली नाही. कोरोक्के केव्हाच गार झाले होते आणि चिनात्सुचं सांगणं अजून संपलं नव्हतं.